स्टाफ कार सेक्शनच्या चंद्रप्रभाकाकू

"बंद कर."

"गाडी?"

"तोंड. गाडी चालू राहू दे, मला ऐकायचंय."

रेवतीने तोंड बंद केलं. फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळचे साडेसात. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मागे धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी कुणीतरी हवेत टांगून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. आणि त्या धुक्यात, उघड्या बॉनेटवर वाकून, चंद्रप्रभा लोंढे उभ्या होत्या. वय त्रेसष्ट. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, वर यजमानांचा मातकट स्वेटर. ते गेल्यापासून तो स्वेटर म्हणजे काकूंचा गॅरेजचा कोट झाला होता. कानटोपी एका बाजूने वर सारलेली. हातात लाटणं. लाटण्याचं एक टोक इंजिनच्या डोक्यावर, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटलेले.

चौथ्या मजल्यावरून कुणीतरी हे पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या बाई गाडीचा ताप बघतायत. तसं ते फारसं चुकीचंही नव्हतं.

"एक... दोन... आणि मध्ये खड्डा," काकू पुटपुटल्या. "एक, खड्डा, दोन. तिसरा कुठंय?"

"तिसरा कोण?"

"तिसरा सिलिंडर! तीन माणसांच्या घरात एक जण कामाला जात नाहीये, आणि बाकीचे दोघं त्याला ओढतायत. म्हणून ही अशी थरथरते." त्यांनी डोळे उघडले. "तुझा तो सतपाल काय म्हणाला?"

शनिवारी संध्याकाळी फरीदाबादच्या गॅरेजमध्ये सतपाल मिस्त्रीने हात पुसत जे सांगितलं, ते रेवतीने रात्रभर उशीवर घोळवलं होतं. "म्हणाला, मैडम, पानी पी रही है, काँप रही है, पीछे से सफ़ेद धुआँ. हेड गॅसकेट गया. इंजन खुलेगा. दस दिन."

"दस दिन," काकूंनी त्याच्याच ठेक्यात म्हटलं. "आणि तुझ्याकडे?"

"एक. आजचा."

रेवती सुभेदार, वय अठ्ठावीस, मूळ पुण्याची, काकूंशी ओळख दिल्लीच्या मराठी मंडळात झालेली. फरीदाबादमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणाऱ्या एका कंपनीत तिला लागून दोन महिने झाले होते. रोज सहा पेशंट, सहा सेक्टर, स्वतःची गाडी ही नोकरीची अट. काल तिने गाडीबद्दल कळवलं तेव्हा ऑफिसातल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या होत्या, सोमवारी गाडी नसेल तर काही हरकत नाही, तुझे सहाही पेशंट आम्ही दुसरीला देऊ. मग तू आराम कर. त्या आरामाचा अर्थ रेवतीला नीट कळत होता.

आणि त्या सहांमध्ये भाऊसाहेब होते. वय ब्याऐंशी, डिसेंबरात खुब्याचं ऑपरेशन झालेलं. शुक्रवारी वॉकर धरून पलंगापासून अकरा पावलं चालले. बाल्कनीचं दार चौदाव्या पावलावर होतं. "तीन राहिली," असं म्हणून ते घामाघूम होऊन बसले आणि गाडी गॅरेजात न्यायचीय हे ऐकून वर बजावलं, "सोमवारी आठ वाजता. दुसरी कुणी पाठवलीस तर मी पांघरूण डोक्यावरून घेईन, सांगून ठेवतो." ते खरंच घेतील, याबद्दल रेवतीला शंका नव्हती. दहा दिवस पांघरुणात गेले की ती अकरा पावलं पुन्हा शून्यावर येणार, याबद्दल तर अजिबातच नव्हती.

"सफेद धूर," काकू गाडीच्या मागे जाऊन बघत होत्या. "अगं, या थंडीत माझ्या तोंडातूनही सफेद धूर येतोय. बघ. हा. हा. माझं पण गॅसकेट गेलं का?"

रेवतीला हसू आलं. कालपासून पहिल्यांदा.

"हसू नकोस, शीक. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून वाफ येते. गाडी गरम झाली की थांबते. थांबली नाही, तर विचार करायचा. ही थांबलीय?"

"थांबलीय."

"मग तो धूर फायलीतून काढला. आता राहिले दोन विषय. कापरं आणि पाणी. सतपालने काय केलं? दोन वेगवेगळे विषय एका फायलीत घातले आणि वर एकच आदेश काढला. पस्तीस वर्षं मी सेक्शनमध्ये लोकांच्या कानीकपाळी ओरडले, एका फायलीत एक विषय! चल, आधी कापरं."

त्यांनी लाटणं स्वेटरच्या खिशात खोचलं. तीन सिलिंडरवर तीन काळ्या कॉइल बसलेल्या होत्या, ठिणगीसाठी लागणारी वीज तिथून प्लगला जाते. काकूंनी पहिलीची पिन काढली. इंजिन धडपडलं. लावली. दुसरीची काढली. पुन्हा धडपडलं. तिसरीची काढली, आणि काहीच झालं नाही. गाडी जशी थरथरत होती तशीच थरथरत राहिली.

"बघितलंस? ज्याच्या असण्या-नसण्याने घरात फरक पडत नाही, तोच कामचुकार. आता तो स्वतः आळशी की त्याला कुणी जेवायलाच वाढत नाही, ते बघू. गाडी बंद कर."

त्यांनी पहिली आणि तिसरी कॉइल आपसांत बदलल्या. गाडी सुरू केली. आता तिसरा नीट चालू झाला आणि पहिला गप्प.

"म्हणजे..." रेवतीच्या डोक्यात दिवा पेटला. "सिलिंडर ठीक आहे! जिथे ही कॉइल जाते तिथे प्रॉब्लेम जातो!"

"बिल्कुल! बदली झाली तरी स्वभाव तोच." काकू घरात गेल्या आणि मिठाईच्या एका पत्र्याच्या डब्यातून जुनी पण चालू कॉइल घेऊन आल्या. शेजारीच उभी असलेली त्यांची लाल गाडी याच जातीच्या इंजिनची होती, त्यामुळे त्या डब्यात रेवतीच्या गाडीचेही अर्धे अवयव होते. कॉइल बसली. गाडी सुरू झाली. एक, तीन, दोन, एक, तीन, दोन. बॉनेटवर ठेवलेला चहाचा रिकामा कप मघापासून किणकिणत होता, तो शांत झाला.

रेवतीला काकूंना मिठी मारावीशी वाटली. पण काकूंचा चेहरा अजून गंभीर होता.

"पाणी राहिलंय. ते मोठं. पण आता इंजिन गरम आहे, रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंडावर उकळतं पाणी येईल. तासभर थांबायचं. पोहे खाऊ. आणि लॉगबुक घेऊन वर ये."

लॉगबुक. रेवती जिन्यात दोन पायऱ्या मागे राहिली.

*

काकूंना इंजिन कसं येतं, हा प्रश्न दिल्लीच्या मराठी मंडळात प्रत्येक नव्या माणसाला पडतो. त्यांचे वडील मेकॅनिक नव्हते. नवरा तर स्कूटरला किक मारतानाही आधी देवाचं नाव घ्यायचा. पंचविसाव्या वर्षी अकोल्याहून परीक्षा देऊन एका मंत्रालयात क्लार्क म्हणून लागल्या, तेव्हा त्यांना सायकलची चेनही बसवता येत नव्हती. त्यांना टेबल मिळालं स्टाफ कार सेक्शनमध्ये. साहेब लोकांच्या गाड्या, ड्रायव्हर, दुरुस्तीचे अर्ज, आणि ढीगभर लॉगबुकं. कुठली गाडी किती चालली, किती पाणी, किती तेल, तापमानाचा काटा कुठे. इंजिन त्यांनी आधी कागदावर वाचलं. हात लावला तो बऱ्याच वर्षांनी.

"त्याला कारण विष्णू," पोह्यांवर लिंबू पिळत काकू सांगत होत्या. सुखदा, त्यांची मुलगी, स्वयंपाकघरात दुसऱ्या घाण्याची फोडणी टाकत होती. क्वार्टर आता तिच्या नावावर होतं, तीही मंत्रालयातच नोकरीला. ही गोष्ट तिने एवढ्यांदा ऐकली होती की आतून अधूनमधून ती पुढचं वाक्य आधीच म्हणत होती.

"विष्णू आमचा ड्रायव्हर. हात सोन्याचा, पण लिहायचा कंटाळा. महिनाअखेरीला बसायचा आणि सगळा महिना एका बैठकीत लिहून काढायचा. तेल ठीक, तेल ठीक, तेल ठीक. मी खाली सही ठोकायची. एकदा मेरठच्या रस्त्यावर..."

"भर उन्हात," आतून सुखदा.

"भर उन्हात इंजिन जाम! तेलाचा थेंब नव्हता पोटात. साहेब रस्त्यावर, मागे ट्रकची रांग. कुणाला लागलं नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. समोर लॉगबुक. तेल ठीक, आणि खाली सही कुणाची? चंद्रप्रभा लोंढे." काकूंनी चमचा खाली ठेवला. "तेव्हा मला कळलं, मी कशावर सही करते हेच मला ठाऊक नाही. विष्णूला काढा म्हणाले. मी म्हटलं, काढू नका, शिक्षा मला ठरवू द्या. आणि त्याला म्हटलं, रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तू मला बॉनेट उघडून दाखवायचं. काय, कुठे, कशासाठी. दोन वर्षं त्याने ती शिक्षा भोगली. लाटण्याने ऐकायचं त्यानेच शिकवलं. तो मोठा स्क्रू ड्रायव्हर लावायचा, मला तो कानाला गार लागायचा, म्हणून मी लाटणं आणलं."

"रिटायर झाला तेव्हा आईने त्याला लाटणं भेट दिलं," सुखदा म्हणाली.

"अच्छा, ते असू दे. आण ते लॉगबुक."

निळ्या पुठ्ठ्याची वही. डिसेंबरात, रेवतीने ही अकरा वर्षांची गाडी घेतली तेव्हा काकूंनी तिला दिली होती. आत हाताने आखलेले रकाने, तारीख, किलोमीटर, पाणी, तेल, काटा. पहिल्या पानावर काकूंच्या अक्षरात गाडीची जन्मपत्रिका: सीसी नऊशे अठ्ठ्याण्णव, सिलिंडर तीन, प्रत्येकाला झडपा चार, घोडे सदुसष्ट, पोटात तेल तीन लिटर, ठिणगीचा क्रम एक, तीन, दोन.

काकूंनी चष्मा चढवला आणि वाचू लागल्या. बोट हळूहळू खाली सरकत होतं. खोलीत फक्त फोडणीचा आवाज. रेवतीने पोह्यातला शेंगदाणा दहा वेळा या बाजूचा त्या बाजूला केला.

"पाणी रोज अर्धा ग्लास," काकू म्हणाल्या. "सतरा तारीख, चाळीस किलोमीटर, अर्धा ग्लास. वीस तारीख, बावन्न, अर्धा ग्लास. सव्वीस जानेवारी, सहा किलोमीटर, अर्धा ग्लास." बोट थांबलं. "सहा किलोमीटर. एवढ्यात तर इंजिन धड तापतही नाही. पाणी उकळून बाहेर जायचा प्रश्नच नाही. गाडीखाली कधी ओलं दिसलं?"

"नाही."

काकूंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम दमलेला दिसला. "मग ते आत जातंय, रेवती. इंजिनच्या पोटात. गार असो, गरम असो, रोज सारखंच. सतपाल बरोबर आहे. हेड गॅसकेट, पाण्याची वाट आणि सिलिंडर वेगळे ठेवणारं सील, तेच फाटलंय. मला वाटत होतं तसं नसेल म्हणून. पण कागद तसं म्हणतोय. अशी गाडी चालवत राहिलीस तर इंजिनच जाईल. दे त्याचा नंबर. मीच सांगते, उघड म्हणावं, पण चार दिवसांत दे."

त्यांनी फोन हातात घेतला. रेवतीच्या डोळ्यांसमोर भाऊसाहेबांचं पांघरूण आलं. मग ती वही. मग काल रात्रीचं स्वतःचंच टेबल, त्यावर ओळीने ठेवलेली तीन पेनं.

"काकू, थांबा."

"काय?"

"ते खरं नाहीये."

"काय खरं नाहीये?"

"लॉगबुक. बारा जानेवारीनंतरचं. मी काल रात्री बसून लिहिलं. सगळं." शब्द एकमेकांवर आदळत बाहेर पडले. "रोज लिहायचं राहूनच जायचं. तुम्ही मागाल हे माहीत होतं, तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून... किलोमीटरची बेरीज मीटरशी जुळवून घेतली. पाणी मात्र अंदाजे. सगळीकडे अर्धा ग्लास टाकला."

फोडणीचा आवाजही थांबला. सुखदाने गॅस बंद केला होता.

काकूंनी वही पुन्हा उघडली. पान उजेडाकडे तिरकं धरलं. "निळं. काळं. आणि हे कुठलं?"

"जांभळं. जेल पेन."

"तीन पेनं!"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, खोटं लॉगबुक एकाच पेनामुळे ओळखू येतं..."

"मी ते पकडण्यासाठी सांगितलं होतं! करण्यासाठी नाही!" काकूंचा आवाज क्वार्टरच्या भिंतींना लागून परत आला. "पस्तीस वर्षं! बारा ड्रायव्हर! एकालाही हे सुचलं नाही, आणि तू, शिकलेली मुलगी! आणि मी गाढव. पेनं बघितलीच नाहीत. का नाही बघितली? तुझं होतं म्हणून! आत्ता त्या माणसाला फोन करून एक धडधाकट इंजिन उघडायला लावलं असतं मी. तुझ्या अर्ध्या ग्लासाच्या भरवशावर! रिकामा रकाना मला चालतो. रिकामा रकाना निदान गप्प बसतो. हा भरलेला रकाना बोलतो आणि खोटं बोलतो!"

रेवती मान खाली घालून बसली. डोळ्यांतलं पाणी पोह्यांत पडू नये म्हणून तिने बशी बाजूला सरकवली.

"आई," स्वयंपाकघराच्या दारातून सुखदा शांतपणे म्हणाली, "फ्रिजवर तो कागद लावलाय ना, रेवतीने दिलेला. तुझ्या गुडघ्याच्या व्यायामाचा."

"त्याचं काय?"

"त्यावर परवा रात्री बसून पंधरा दिवसांच्या बरोबरच्या खुणा कोणी मारल्या?"

रेवतीने हळूच मान वर केली. काकू खिडकीबाहेर धुक्याकडे बघत होत्या, जणू तिथून एखादा साक्षीदार येणार होता.

"ते निराळं," त्या शेवटी म्हणाल्या.

"एकाच पेनाने," सुखदा म्हणाली आणि आत गेली.

काकूंच्या तोंडाचा कोपरा हलला. रेवतीचाही. मग दोघींनाही हसू आवरेना. काकूंनी हसता हसता स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले आणि एकदम टेबलावर हात आपटला.

"बस्स. आता खरं. मी विचारते, तू सांग. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण. अंदाज सांगितलास तर घराबाहेर काढीन. सव्वीस जानेवारीला गाडी हलवली?"

"नाही. सुट्टी होती."

"सत्तावीसला पाणी बघितलंस?"

"बघितलं. जसंच्या तसं होतं."

"अच्छा! मग कमी कधी झालं?"

"एका मंगळवारी, बदरपूरच्या जॅममध्ये पाऊण तास अडकले होते त्यानंतर. काटा वर गेला. लिटरची बाटली घातली. मग शुक्रवारी, बल्लभगढच्या बाजारातून आल्यावर."

"आणि सकाळी, रिकाम्या रस्त्यावर?"

"कधीच नाही. आज येतानाही नाही."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. चाळीस वर्षांपूर्वीची एखादी क्लार्क जशी नवी फाईल बघून सरसावली असेल, तशा. "गार असताना जात नाही. चालती असताना जात नाही. तापून उभी राहिली की जातं. आत जात असतं तर त्याने वार आणि वेळ बघितली नसती. हे उकळून वरून जातंय. पहिल्यांदा कधी?"

"संक्रांतीनंतर. त्या दिवशी आपण सगळे पानिपतला गेलो होतो ना, तुम्ही मंडळाच्या बसने, मी गाडीने. येताना मुरथलला ढाब्याबाहेर टायरमध्ये हवा भरायला थांबले. तो हवावाला म्हणाला, पानी भी देख देता हूँ..."

"आणि झाकण उघडलं."

"हो. ते त्याच्या हातून निसटून नाल्यात गेलं. मग त्याने डब्यातून दुसरं काढून बसवलं. म्हणाला, सब एक ही होता है."

काकू उठल्या. गुडघ्यात कळ आली तशा क्षणभर टेबल धरून थांबल्या, आणि मग कानटोपी घालून जिन्याकडे निघाल्या. "सब एक ही होता है! चल खाली."

*

इंजिन गार झालं होतं. काकूंनी फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि काढून तळहातावर ठेवलं.

"हे काय दिसतंय?"

"झाकण."

"माझ्या गाडीचं बघ." त्यांनी शेजारच्या लाल गाडीचं झाकण काढून शेजारी ठेवलं. त्यावर दाबाचा आकडा कोरलेला होता, शून्य पूर्णांक नऊ. मुरथलच्या झाकणावर काहीच नव्हतं, आणि आतली रबराची रिंग वाळून तडकली होती. रेडिएटरच्या तोंडाभोवती पांढरट खरपूड साचलेली.

"तुझ्या कुकरची रिंग सैल झाली तर काय होतं?"

"बाजूने वाफ जाते. शिट्टी होत नाही."

"आणि पाणी संपून डाळ करपते. हे झाकण म्हणजे गाडीच्या कुकरची रिंग. दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी लवकर उकळत नाही. दाब गेला की पाणी उकळून बाहेर पडतं. आता सांग, रिंग गेली म्हणून तू कुकर फेकतेस?"

"नाही."

"पण मी आता तुझ्या शब्दावरही जाणार नाही, आणि माझ्याही नाही." त्यांनी तेलाची पट्टी बाहेर ओढली. तेल तपकिरी, स्वच्छ. "पाणी आत गेलं असतं तर हे दुधाच्या कॉफीसारखं झालं असतं." मग पाणी भरून झाकण न लावताच गाडी सुरू करायला लावली आणि दोघी त्या भोकात डोकावून बसल्या. सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरून बुडबुडे आले असते तर सतपाल जिंकला असता. एक मिनिट. तीन मिनिटं. पाणी तळ्यासारखं शांत. पाणी कोमट व्हायच्या आत काकूंनी गाडी बंद करायला लावली आणि आपल्या लाल गाडीचं झाकण रेवतीच्या गाडीवर घट्ट बसवलं.

"काकू, आणि तुमची गाडी?"

"उद्या स्पेअर पार्टचा बाजार उघडला की सुखदा आणेल. तोवर मेट्रो आहे. आता जॅम शोध."

"काय?"

"उभं राहून तापली की त्रास होतो ना? मग उभी करून तापवायची. जॅम शोध!"

रविवारी सकाळी दिल्लीत मुद्दाम जॅम शोधायला निघालेल्या या पहिल्याच दोन बायका असाव्यात. रिंग रोड रिकामा. आफ्रिका अॅव्हेन्यू रिकामी. एरवी जिथे श्वास घ्यायला जागा नसते तिथे आज सिग्नलसुद्धा हिरवे. काकू वैतागल्या. "रोज मेली माणसं कुठून येतात, आणि आज गरज आहे तर एक नाही!" शेवटी अकराच्या सुमारास सरोजिनी नगरच्या बाजारापाशी देवाने ऐकलं. पुढे रिक्षा, मागे टेम्पो, डावीकडे स्वेटरचा ढीग घेतलेला हातगाडीवाला. गाडी जागेवर ठप्प.

"हं. आता बघ काट्याकडे."

काटा वर सरकला. निम्म्याजवळ आला. रेवतीने स्टिअरिंग घट्ट धरलं. समोर पंखा घरघरत सुरू झाला, काटा थबकला, मग कंटाळल्यासारखा केसभर खाली आला. पंखा थांबला. पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटं, वीस, पंचवीस. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, काटा तिथेच. काकूंनी सीट मागे केली आणि डोळे मिटून घेतले. त्या ऐकत होत्या. लाटण्याशिवायच.

"एक, तीन, दोन," त्या म्हणाल्या. "सगळे कामावर आहेत."

क्वार्टरला परतल्यावर त्यांनी तिच्याकडून एका रजिस्टरवर सही घेतली. कॉइल एक, झाकण एक, तात्पुरते दिले. रेवती वही हातात घेऊन घुटमळली.

"काकू, विष्णूला शिक्षा दिली होतीत. मला?"

"लिही. रोज. आणि ज्या दिवशी लिहिलं नाहीस, त्या दिवशी लिहिलं नाही असं लिही." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि त्या फ्रिजवरच्या कागदाची नवी प्रत दे. कोरी."

*

सोमवारी आठला पाच कमी असताना रेवतीची गाडी भाऊसाहेबांच्या इमारतीखाली लागली. वर ते पलंगावर सरळ बसून होते, पांघरूण नीट घडी घालून पायथ्याशी ठेवलेलं.

"आलीस? मला वाटलं, गॅरेजवाल्याने तुला गिळलं."

"गिळणार होता. काकूंनी दात मोजले त्याचे."

अकरा पावलं झाली. बाराव्याला ते थांबले, वॉकर थरथरला. तेरावं त्यांनी शिव्या देत टाकलं. चौदाव्याला बाल्कनीच्या दाराची कडी त्यांच्या हातात होती. त्यांनी दार उघडलं, खाली बघितलं आणि विचारलं, "ती राखाडी तुझी? बरी दिसते की."

पुढच्या रविवारी चंद्रप्रभाकाकूंनी निळी वही उघडली, तेव्हा रेवती श्वास रोखून बसली होती. पाणी, सोमवार, पूर्ण. मंगळवार, बदरपूरला अर्धा तास जॅम, काटा निम्म्यावर, पाणी पूर्ण. मग एकाच पेनाने, जरा वाकड्या अक्षरात: बुधवार, लिहायला विसरले. गुरुवार, पाणी पूर्ण.

सरकारी नोकरीत हिरवी शाई फक्त जॉइंट सेक्रेटरी आणि त्यांच्या वरच्यांची. काकू सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन त्यांनी पहिली खरेदी केली ती हिरव्या पेनाची. ते पेन त्यांनी आता उघडलं. सोमवार सोडला, मंगळवार सोडला, गुरुवार ते शनिवार नुसती नजर फिरवली. बुधवारच्या ओळीशी मात्र थांबल्या आणि तिच्यापुढे पूर्ण नाव लिहून, तारीख घालून सही केली.

फ्रिजवरच्या नव्या कागदावर सोमवार ते शनिवार चार खुणा होत्या आणि दोन रकाने कोरे. कोऱ्या रकान्यांवर सही करायला रेवतीने त्यांच्या हातातून हिरवं पेन मागून घेतलं.